आजीबद्दल लिहिते, पण ती त्यात दिसत नाही

प्रिय ताई,

माझी आजी, म्हणजे आईची आई, दोन महिन्यांपूर्वी गेली. 82 वर्षांची होती. 34 वर्षं तिनं प्राथमिक शाळेत शिकवलं. निवृत्तीनंतरही रविवार कधी चुकवला नाही; चर्चमध्ये डावीकडच्या दुसऱ्या बाकावर तिची जागा ठरलेली होती. पुढच्या महिन्यात तिच्या स्मरणार्थ उपासना आहे आणि घरच्यांच्या वतीनं मी बोलावं असं पाळकसाहेबांनी सुचवलंय. मी लिहायला बसते आणि ‘कर्तव्यदक्ष शिक्षिका, प्रेमळ आजी, देवावर निस्सीम श्रद्धा’ याच्या पुढे गाडी जात नाही. वाचून पाहिलं तर ती कुणाचीही आजी वाटते.

दुसरं, मी स्वतः बऱ्याच वर्षांपासून चर्चला जात नाही. तिच्या श्रद्धेवर मी बोलणं मला ढोंग वाटतं, म्हणून फक्त शाळेबद्दल बोलावं असं मनात आहे. मामा म्हणतो, श्रद्धा वगळली तर उरलं काय?

तिसरं सांगायला जड जातंय. आजीच्या जुन्या विद्यार्थ्यांना मी आठवणी पाठवायला सांगितल्या. सगळ्यांनी भरभरून लिहिलं. एका विद्यार्थिनीनं मात्र लिहिलं, ‘तिसरीत असताना पाढा चुकला म्हणून बाईंनी मला वर्गासमोर उभं केलं आणि म्हणाल्या, तुझ्या डोक्यात काही शिरायचं नाही. आज माझी नातवंडं शाळेत जातात, पण त्यांचं गणिताचं पुस्तक उघडलं की मला तोच आवाज ऐकू येतो.’ आई म्हणाली, काढून टाक तो मेसेज, कुणाला दाखवू नकोस. मी काढलेला नाही. उत्तरही दिलेलं नाही.

आजीचं बायबल माझ्याकडे आलंय. चिठ्ठ्या कोंबून फुगलेलं, वरून रबर लावलेलं. अजून उघडलं नाही.

– एक नात

*

प्रिय नात,

तू लिहिलेली तिन्ही विशेषणं खरी असतील. पण ती ऐकून चर्चमध्ये बसलेल्या माणसाला तुझी आजी आठवणार नाही. त्याला याआधी ऐकलेली श्रद्धांजलीची भाषणं आठवतील. म्हणून विशेषणं बाजूला ठेव आणि आजीनं काय काय केलं तेवढंच शोध. हा सल्ला मी आजीच्याच बायबलमधून देते आहे.

प्रेषितांची कृत्ये, नववा अध्याय. यापो गावातली टबीथा, जिला दुर्कसही म्हणत, आजारी पडून वारते. तिथले शिष्य येशूच्या प्रेषिताला, पेत्राला, बोलावून आणतात. तो माडीवर जातो तेव्हा तिथं विधवा बायका रडत उभ्या असतात, आणि त्या त्याला काय दाखवतात, तर दुर्कसनं शिवलेले अंगरखे आणि कपडे. तिचे गुण सांगत बसत नाहीत. पुढे काय घडतं ते पाळकसाहेब सांगतील. तुझ्या कामाचं आहे ते माडीवरचं दृश्य. आता त्याच्या जोडीला तीमथ्याला लिहिलेलं दुसरं पत्र काढ. पहिल्याच अध्यायात पत्र लिहिणारा प्रेषित पौल आपल्या तरुण सोबत्याच्या, तीमथ्याच्या, आजीचं नाव घेतो, लोईस. तिचा विश्वास खरा होता असं म्हणतो आणि पुढे जातो. त्या एका वाक्यानं नातवाला केवढा आधार वाटला असेल! पण इतक्या शतकांनंतर वाचणाऱ्या आपल्याला लोईस डोळ्यांपुढे आणता येत नाही, दुर्कस येते. तुझ्या मसुद्यात सध्या लोईस आहे.

तर तुझ्या आजीचे अंगरखे कुठे सापडतील?

पहिली जागा ते बायबल. रबर जुनं होऊन चिकटलं असेल तर ओढू नकोस, कात्रीनं काप. एकही चिठ्ठी काढायच्या आधी त्या त्या पानाचा चिठ्ठीसकट फोटो घे, कारण कुठली चिठ्ठी कुठल्या वचनापाशी होती हे एकदा विस्कटलं की पुन्हा जुळवता येत नाही. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नकोस. तिचा डिंक पिवळा पडत जातो आणि कागद खराब करतो. मग पुढची-मागची कोरी पानं बघ. घरातले जन्म, बाप्तिस्मे, लग्नं, मृत्यू बायबलच्या पानांवर टिपून ठेवायची पद्धत फार जुनी आहे. त्यानंतर समास. जन्मभर वह्या तपासलेल्या माणसाच्या हाताला पेन्सिलीची आणि तारीख घालायची सवय असते. एखाद्या स्तोत्राशेजारी नुसतीच तारीख दिसली तर आईला विचार, तेव्हा घरात काय चाललं होतं. कुणाचं ऑपरेशन, कुणाचा निकाल, की आजोबांच्या नोकरीची काळजी. स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रं आहेत. त्यांतल्या कुठल्या स्तोत्रांची पानं हात लागून मळली आहेत एवढं पाहिलंस तरी आजीबद्दल नवं काही कळेल. आभाराची स्तोत्रं जास्त मळलीत की आकांताची, हे मला तुझ्याकडून ऐकायला आवडेल.

चिठ्ठ्यांमध्ये प्रार्थनेसाठी लिहून ठेवलेली नावं असण्याची शक्यता बरीच आहे. नावांपुढे लोकांचे आजार, घरातली भांडणं, कर्जं असतील. लोकांनी ते तिला विश्वासानं सांगितलेलं होतं, तेव्हा त्यातलं एकही नाव उपासनेत घेऊ नकोस. ती अशी नावं लिहून ठेवायची, एवढं मात्र जरूर सांग. आणि त्या यादीत शाळेतली मुलं निघाली तर मामाशी चाललेल्या तुझ्या वादाचं बरंचसं उत्तर तिथंच मिळेल. त्याकडे येतेच.

दुसरी जागा माणसं. भरभरून लिहिणाऱ्यांकडूनही तुला पुन्हा विशेषणंच आली असतील: ‘बाई शिस्तीच्या, पण मायाळू.’ त्यात त्यांचा दोष नाही. ‘आठवण पाठवा’ म्हटलं की माणूस समारंभाच्या भाषेत बोलायला लागतो. म्हणून फोन कर आणि लहान-लहान प्रश्न विचार. तुम्ही कुठल्या बाकावर बसायचात? हजेरी घेताना बाई नुसतं नाव घ्यायच्या की आडनावासकट? फळ्याच्या कोपऱ्यात काय लिहायच्या? वहीतल्या चुकीवर काट मारायच्या की गोल करायच्या? उशिरा आलेल्याला काय म्हणायच्या? मधल्या सुट्टीत कुठे असायच्या? अशा प्रश्नाला ‘मायाळू’ असं उत्तर देताच येत नाही.

आणि नुसत्या विद्यार्थ्यांवर थांबू नकोस. स्मृतीच्या अभ्यासात एक गोष्ट वारंवार आढळली आहे: उतारवयात मागे वळून पाहताना माणसाला साधारण दहा ते तीस या वयातलं सगळ्यांत जास्त आठवतं. म्हणजे आजीच्या शाळेत पहिली नोकरी धरलेल्या, तेव्हा विशीत असलेल्या शिक्षिका शोध. त्यांनी तिला रोज स्टाफरूममध्ये पाहिलं आहे, मोठ्या माणसाच्या नजरेनं पाहिलं आहे. शाळेच्या शिपायाला विचार. बाई कधी यायच्या नि कधी जायच्या हे मुख्याध्यापकांपेक्षा त्याला जास्त ठाऊक. सगळ्यांना एका ग्रुपवर एकत्र मात्र विचारू नकोस. पहिल्यानं लिहिलेलं वाचलं की दुसऱ्याच्या आठवणीत तेच शिरतं, आणि त्याला ते कळतही नाही.

चर्चमध्ये त्या दुसऱ्या बाकावर तिच्या शेजारी कोण बसायचं? त्या व्यक्तीला गाठ. आजी गीत मोठ्यानं म्हणायची की पुटपुटायची, प्रवचन लांबलं की काय करायची, उपासना संपल्यावर आधी कुणाशी बोलायला जायची. बाकावरच्या शेजारणीला घरच्यांनी न पाहिलेली आजी माहीत असते.

आता श्रद्धेचं. मामाचं आणि तुझं, दोघांचंही मला अर्धवट वाटतं. शाळा आणि चर्च हे आजीच्या आयुष्यातले दोन वेगळे कप्पे होते असं दोघंही धरून चालला आहात. इतिहासात ते इतके वेगळे कधीच नव्हते. 1780 मध्ये इंग्लंडातल्या ग्लॉस्टर शहरात रॉबर्ट रेक्सनं रविवारची शाळा सुरू केली, ती बायबलमधल्या गोष्टी सांगण्यापुरती नव्हती. आठवडाभर कामाला जुंपलेल्या मुलांना रविवार तेवढा मोकळा असायचा, म्हणून त्या दिवशी त्यांना वाचायला शिकवत. त्याच्याही आधी, 1658 मध्ये, मुलांसाठी चित्रांचं पाठ्यपुस्तक काढणारा कोमेनियस हा मोरावियन मंडळी या जुन्या प्रोटेस्टंट पंथाचा बिशप होता. प्रत्येक मुलाला वाचता आलं पाहिजे हा आग्रह वर्गाइतकाच चर्चमध्येही वाढला आहे. आजीला ही नावं माहीत असोत वा नसोत, सोमवारी फळ्यापुढे आणि रविवारी दुसऱ्या बाकापाशी उभी असायची ती बाई एकच होती. वेळेवर येणं, नाव घेऊन हाक मारणं, पाठ करून घेणं, गैरहजर असलेल्याची चौकशी करणं, यातली कुठली सवय शाळेतून चर्चमध्ये गेली आणि कुठली चर्चमधून शाळेत आली, हे तिलाही सांगता आलं नसतं. एक भाग कापलास तर दुसराही धड राहणार नाही.

ढोंग कधी होईल? ‘ती प्रभूजवळ आहे हे आपण सगळे जाणतो’ असं तू म्हणालीस तर होईल, कारण ते तुझं मत नाही. ‘तिचा विश्वास होता’, ‘ती म्हणायची’, ‘रोज सकाळी उठून ती आधी हे करायची’ असं तू नि:शंक बोल. ते सांगायला तू तिच्याजवळ राहिलेली असणं पुरेसं आहे, तिच्याइतकी श्रद्धा असायची गरज नाही. तुझं स्वतःचं चर्चला न जाणं मात्र त्या दिवशी बोलण्यात आणू नकोस. खुलासा नको, क्षमायाचनाही नको. तो दिवस आजीचा आहे.

मामाला शास्त्रवाचन दे, आणि उतारा सुचव: नीतिसूत्रे, अध्याय 31, वचनं 10 ते 31. सद्गुणी स्त्रीवरचा हा उतारा स्त्रियांच्या स्मरणाला इतक्यांदा वाचतात की ऐकणारा ऐकेनासा होतो. पण एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. ही 22 वचनं मूळ हिब्रूत त्या भाषेच्या 22 अक्षरांनी ओळीनं सुरू होतात, वर्गातल्या भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता असावा तशी. प्राथमिक शाळेत जन्म घालवलेल्या बाईसाठी याहून चांगला उतारा मला सुचत नाही. वाचनाआधी मामानं एवढं सांगितलं तरी सगळे कान देऊन ऐकतील. आणि त्यातही बघ, ती लोकर आणि ताग मिळवते, शेत पारखून विकत घेते, रात्री तिचा दिवा मालवत नाही. उताराभर नुसती कामं आहेत.

आता त्या विद्यार्थिनीचा मेसेज. तुझ्या पत्रात मला सगळ्यांत महत्त्वाचा तोच वाटला. तू तो काढून टाकला नाहीस हे फार चांगलं केलंस.

तिला गप्प बसता आलं असतं. तू आठवण मागितलीस आणि तिच्याजवळ होती ती तिनं दिली. ती इतकी वर्षं जपून ठेवावी लागली यातच सगळं आलं. तिला उत्तर मिळायला हवं, आणि ते भाषण लिहायच्या आधी. उत्तरात आजीची बाजू मांडू नकोस. ‘त्या काळी सगळेच शिक्षक तसे होते’, ‘तिच्या मनात तसं काही नव्हतं’, ‘वर्गात मुलं किती असायची’, हे सगळं खरं असलं तरी तिसरीतल्या मुलीला त्याचा उपयोग नव्हता आणि आजही नाही. आजीच्या वतीनं माफीही मागू नकोस; ती मागणं आजीच्या हातात होतं, तुझ्या नाही. साधं लिही: ‘तुमचा मेसेज मी वाचला. उत्तर द्यायला उशीर झाला. तुम्ही लिहिलेलं मी काढून टाकलेलं नाही. आजीनं तुम्हाला तसं म्हणायला नको होतं. आणखी काही सांगावंसं वाटलं तर मी ऐकेन.’ तिनं पुढे काही लिहिलं नाही तर मागे लागू नकोस. आणि बायबलातल्या चिठ्ठ्यांत कदाचित तिचं नाव सापडलं तर आनंदून लगेच कळवू नकोस. बाईंनी आपल्यासाठी प्रार्थना केली हे ऐकून तिला बरं वाटेल असं आपण धरून चालू शकत नाही. तिला आजीबद्दल काही ऐकायचं तरी आहे का, हे आधी तिच्याकडून कळू दे.

भाषणात हा प्रसंग सांगायचा का? नाही. तो तिचा आहे, आणि तुम्ही नाव घेतलं नाही तरी जुने वर्गमित्र अंदाज बांधतील. पण ‘तिनं आयुष्यात कधी कुणाचं मन दुखावलं नाही’ हे वाक्यही भाषणात येता कामा नये. अशा भाषणांत ते आपोआप येतं, म्हणून मुद्दाम सांगते. मागच्या बाकावर ती विद्यार्थिनी बसलेली असू शकते. तू एवढंच म्हण: ‘आजी कडक होती. त्या कडकपणानं काही जण घडले आणि काहींना तो लागला. दोन्ही गोष्टी तिच्या विद्यार्थ्यांनी मला सांगितल्या.’ तिथं थांब. लगेच ‘पण’ जोडून सारवासारव करू नकोस.

आईला हे जड जाईल. तिची आई जाऊन दोनच महिने झालेत. तिला पटवायला बसू नकोस, मेसेजवरून वादही नको. ते वाक्य मात्र आधी तिला वाचून दाखव. चर्चमध्ये हे शोभत नाही असं ती म्हणाली तर उपासनेचा क्रम तिच्यापुढे धर. कितीतरी मंडळ्यांत उपासनेत पापकबुलीची प्रार्थना असते. पाळकांसकट सगळे जण, आपल्या हातून चुकलं असं सगळ्यांदेखत म्हणतात. आजीच्या चर्चमध्ये ती असेल तर आजीनं ती जन्मभर म्हटली आहे. तिला निर्दोष ठरवणं तिच्या स्वतःच्या धर्मातच बसत नाही. हे ऐकून आईच्या मनावरचा ताण थोडा हलका होईल असं मला वाटतं. तरीही तिला ते वाक्य नकोच असेल, तर ते काढ. ‘कुणाला दुखावलं नाही’ मात्र तिच्या आग्रहाखातरही घालू नकोस.

थोडं व्यवहाराचं. पाच मिनिटं बोल, म्हणजे सावकाश वाचता येतील असे साधारण पाचशे शब्द. शाळेतलं एक काम, चर्चमधलं एक, घरातलं एक, आणि ते कडकपणाचं वाक्य. याहून जास्त मावत नाही. जन्म, शिक्षण, नेमणूक, निवृत्ती ही सनावळी उपासनेच्या पत्रिकेत छापून दे. मोठ्या अक्षरात, कागदाच्या एकाच बाजूला छाप, आणि दुसरी प्रत पाळकसाहेबांकडे ठेव. आवाज फुटेनासा झाला तर ते पुढे वाचतील, तसं त्यांना आधीच सांगून ठेव.

(हे सदर वाचणाऱ्या कॅथलिक कुटुंबांसाठी: अंत्यविधीच्या मिस्सात प्रवचनाच्या जागी गुणगौरवाचं भाषण चालत नाही, तसा मिस्साच्या नियमांतच उल्लेख आहे. घरच्यांना दोन शब्द बोलायचे असतील तर ते कम्युनियननंतरची प्रार्थना झाल्यावर, अखेरच्या निरोपाच्या आधी. फादरांशी आधी बोलून घ्या.)

सनावळीत एखाद्या तारखेवरून घरात मतभेद झाले तर चर्चच्या नोंदवह्या बघायला माग. अशा वह्या ठेवायचा हुकूम इंग्लंडात 1538 मध्ये निघाला, आणि कॅथलिक चर्चनं 1563 मध्ये ट्रेंटच्या परिषदेत बाप्तिस्मा आणि विवाह यांच्या नोंदी सक्तीच्या केल्या. तेव्हापासून चर्च या बाबतीत काटेकोर आहे. तिथं गेलीस की आणखी एक बघ. तुमच्या मंडळीत बाप्तिस्म्याला धर्ममाता-धर्मपिता नेमत असतील तर आजी कुणाकुणाची धर्ममाता झाली होती हे त्या वहीत मिळेल. त्यांतली काही मुलं आता पन्नाशीची असतील आणि त्यांना फोन करायचा कुणालाच सुचलेलं नसेल.

भाषणात न मावलेलं सगळं एका वहीत उतरव. प्रत्येक आठवणीखाली सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख घाल. त्या विद्यार्थिनीनं परवानगी दिली तर तिचीही आठवण लिही, तिच्याच शब्दांत, एकही शब्द न बदलता. आणि मामाला चर्चचे जुने ग्रुप फोटो घेऊन बाकावरच्या त्या शेजारणीकडे बसव. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीनं, जोर न देता, नावं लिहायला सांग. बॉलपेनचे वळ पुढच्या बाजूला उमटतात. उपासनेच्या आधी हे झालं तर त्यातलेच दोन-तीन फोटो पत्रिकेत वापरता येतील.

तुझी,
ताई